ग्रंथालय उघडले, स्टडी सर्कलचे काय झाले?

बहिष्कृत हितकारिणी सभा म्हटले की आपल्याला तीन शब्द आठवतात. शिका, चेतवा, संघटित व्हा. भाषणात असतात, बॅनरवर असतात, नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरसुद्धा असतात. पण २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या या सभेने आपली उद्दिष्टे काय लिहून ठेवली होती, हे एखाद्या कार्यकर्त्याला विचारून पाहा. वसतिगृहे काढणे, एवढे बहुतेक जण सांगतील. त्याच्या लगेच खालचे कलम फारसे कोणाला ठाऊक नसते. अस्पृश्य वर्गात संस्कृतीचा प्रसार करण्यासाठी ग्रंथालये, सामाजिक केंद्रे आणि वर्ग किंवा स्टडी सर्कल काढणे, असे ते उद्दिष्ट आहे.

ग्रंथालय आणि स्टडी सर्कल एकाच कलमात आहेत, हे नीट लक्षात घ्या. नुसती पुस्तके मिळवून दिली की काम झाले, असे सभेने मानले नाही. पुस्तक हातात आल्यावर ते चार माणसांत बसून वाचणे, त्यावर प्रश्न विचारणे हा त्याच कामाचा दुसरा अर्धा भाग होता. पुढे सरकारने पहिला अर्धा घेतला आणि दुसरा सोडून दिला. आणि सरकारला नावे ठेवताना आपणही तेच केले. या लेखात मला एवढाच मुद्दा मांडायचा आहे. पण त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

स्टडी सर्कल हा इंग्रजी शब्द आहे म्हणून ती कल्पना अमेरिकेतून आली असे समजण्याचे कारण नाही. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’साठी बाबासाहेबांनी १९५६ साली एक प्रस्तावना लिहिली होती. पहिल्या आवृत्तीत ती छापली गेली नाही, आणि म्हणूनच अनेकांनी ती वाचलेली नाही. त्यात ते आपल्या घरातले वाचन सांगतात. सुभेदार रामजी सकपाळ धार्मिक वृत्तीचे, कबीरपंथी. मुलांना रोज बसवून वाचन करून घेत. बहिणी आणि बाहेरची माणसे कथा ऐकायला आली की रामायण-महाभारताचे वाचन चाले, आणि हे वर्षानुवर्षे चालले. म्हणजे ग्रंथ होता, वाचणारे होते, ऐकणारे होते. आजच्या भाषेत त्याला वाचनगट म्हणायला हरकत नाही. नव्हती ती एकच गोष्ट. तिथे प्रश्न विचारायची सोय नव्हती.

मग त्या घरात एक वेगळे पुस्तक आले. भीमरावांनी परीक्षा पास केल्याबद्दल समाजातल्या लोकांना सभा भरवायची होती. चरित्रकार हा प्रसंग १९०७ च्या मॅट्रिकच्या वेळचा सांगतात. बाबासाहेब स्वतः मात्र तो इंग्रजी चौथीच्या वेळचा सांगतात, आणि माझ्या मते ज्याचा सत्कार झाला त्याचे म्हणणे आधी ऐकावे. रामजींनी आधी नकार दिला. मुलाच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांना वाटले. लोकांनी कृष्णाजी अर्जुन केळुसकरांना मध्ये घातले, सभा झाली आणि शेवटी केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र या मुलाला भेट दिले.

हे केळुसकर विल्सन हायस्कूलमधले शिक्षक. चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर एक मुलगा रोज वाचत बसलेला त्यांना दिसायचा. स्वतः केळुसकरही तिथे वाचायला येत. ओळख झाली ती अशी. ग्रंथालयाच्या इतिहासावर लिहिणाऱ्यांनी या बागेची नोंद घ्यायला हवी. एका मोठ्या वाचकाला त्याच्या आयुष्यातले सर्वांत महत्त्वाचे पुस्तक कोणत्याही कपाटातून मिळाले नाही. ते एका वाचकाने दुसऱ्या वाचकाच्या हातात ठेवले. आणि देणारा नुसता उदार नव्हता, त्याने आधी या मुलाला वाचताना पाहिले होते. याला कोणते पुस्तक द्यावे, हे ठरवण्यासाठी तेवढी ओळख लागते.

पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. पुस्तक वाचल्यावर भीमरावांनी वडिलांना सरळ विचारले की ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची हीनता पुन्हा पुन्हा सांगितली आहे, तेच आम्हाला का वाचायला लावता? बुद्धाचे साहित्य का नाही? वडिलांनी आधी झटकून टाकले. मुलांनी असले प्रश्न विचारू नयेत, सांगितले तेवढे करावे. पण काही काळाने त्यांनी उत्तर दिले. आपण अस्पृश्य, तुमच्या मनात न्यूनगंड यायची शक्यता जास्त. द्रोण, कर्ण ही साधी माणसे किती वर गेली पाहा, वाल्मीकी कोळी असून रामायणाचा कर्ता झाला. म्हणून मी हे वाचायला सांगतो. मुलाला ते पटले नाही. भीष्म-द्रोणांचे दुटप्पीपण, कृष्णाची कपटे, रामाचे वाली आणि शूर्पणखेशी वागणे, हे सगळे त्याने वडिलांपुढे मांडले. वडील गप्प राहिले.

रामजीबाबांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. त्यांचे उत्तर चुकीचे वाटले तरी ते उत्तर होते, त्यामागे विचार होता. मला दाखवायचे आहे ते वेगळेच. ज्या घरात कितीतरी वर्षे नुसती कथा ऐकली जात होती, तिथे त्या दिवशी पहिल्यांदा ग्रंथाची चर्चा झाली. आणि ती व्हायला बाहेरून आलेले एक दुसरे पुस्तक कारण झाले.

हेच बीज पुढे कोलंबियात वाढले. बाबासाहेबांचा जातीवरचा पहिला मोठा निबंध, ‘कास्ट्स इन इंडिया’, हा ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये वाचलेला निबंध आहे. टेबलाभोवती बसलेल्या, शंका घेणाऱ्या माणसांसमोर वाचण्यासाठी तो लिहिला गेला. तसा तो वाचला, की त्याची मांडणी जास्त कळते. आधी इतरांची मते घ्यायची, ती तपासायची, मग आपले म्हणणे मांडायचे.

आता बडोद्याकडे येऊ. कारण ग्रंथालय आणि जात यांचा संबंध जितका बडोद्यात उघडा पडतो तितका दुसरीकडे कुठे पडत नाही.

केळुसकरांच्याच शब्दावर सयाजीराव गायकवाडांनी भीमरावांना महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ मध्ये अमेरिकेला पाठवले. भेट दिलेले ते बुद्धचरित्रही बडोद्याच्या सयाजीराव ग्रंथमालेसाठी लिहिलेले होते, असे बाबासाहेब सांगतात. सयाजीरावांनी अंत्यजांसाठी १८८२-८३ मध्येच शाळा काढल्या होत्या. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावले. तीन वर्षांत बॉर्डनने संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांची जी साखळी उभी केली तशी तेव्हा हिंदुस्थानात दुसरीकडे नव्हती. राजधानीत मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगाव वाचनालये, आणि जिथे वाचनालय नाही तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तके पाठवणारी फिरती ग्रंथालये. पैसे न घेता. निरक्षरांना दाखवायला चित्रेसुद्धा असत. हे काम मोठे होते, त्याला मोठेच म्हटले पाहिजे.

आणि याच बडोद्यात १९१७ च्या सप्टेंबरात, कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेला, संस्थानचाच शिष्यवृत्तीधारक नोकरीवर रुजू व्हायला आला, तर त्याला राहायला खोली मिळाली नाही. पारशी नाव सांगून तो पारशी धर्मशाळेत राहिला. मोठ्या रिकाम्या इमारतीत एकटा, मिणमिणत्या कंदिलाच्या उजेडात. एकटेपणा विसरण्यासाठी तो वाचत बसे, हे त्यानेच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवले आहे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात आले. एका हिंदू मित्राने आणि एका ख्रिस्ती मित्राने आसरा द्यायचे टाळले. शेवटी कामाठी बागेत बसून वेळ काढायचा आणि मुंबईची गाडी पकडायची, एवढेच उरले.

चर्नी रोडच्या बागेत पुस्तक मिळाले, कामाठी बागेत बेघरपण मिळाले. पुस्तकांची पेटी गावागावात पोचवणाऱ्या राज्यात पुस्तके वाचलेल्या माणसाला छप्पर नव्हते. सनातनी तर सोडाच, आमचे काही उदारमतवादी मित्रही अजून म्हणतात की वाचन वाढले की जात आपोआप जाते. बडोद्याचा हा अनुभव त्यांनी एकदा समोर ठेवावा. पुस्तक पोचवणारी यंत्रणा आणि पुस्तक वाचणाऱ्यांचा समाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली राजाच्या हुकुमाने होते. दुसरी हुकुमाने होत नाही.

१९२४ चे ते कलम या अनुभवाच्या सात वर्षांनंतरचे आहे, हे विसरू नका. त्याच्या आदल्या वर्षी, ४ ऑगस्ट १९२३ ला, मुंबई कायदे मंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला होता. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्ट, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. महाडचा संग्राम याच ठरावातून उभा राहिला. त्या यादीत ग्रंथालयाचे नाव नाही. नसणार. त्या काळची आपल्याकडची बहुतेक ग्रंथालये वर्गणीदारांची होती. रत्नागिरीचे १८२८ चे असो, पुण्याची १८४८ ची नेटिव्ह जनरल लायब्ररी असो, ती शिकलेल्या, पैसा असलेल्या मंडळींनी आपल्यासाठी काढली. ‘सार्वजनिक’ या शब्दातले सर्व जन कोण, हे वर्गणीची पावती ठरवत असे. पुण्यात ती लायब्ररी निघाली त्याच १८४८ मध्ये जोतिबांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. एकाच गावात, एकाच साली, ज्ञानाचे हे दोन वेगळे मार्ग होते.

म्हणून बहिष्कृत हितकारिणी सभेने वाट पाहिली नाही, स्वतःचे काढले. सोलापुरात ४ जानेवारी १९२५ ला वसतिगृह सुरू झाले. विद्यार्थ्यांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक काढले. मुंबईत मोफत ग्रंथालय आणि वाचनालय चालवले. (सभेने महार हॉकी क्लबही चालवला होता, हे वाचून मला नेहमी आनंद होतो. संस्कृती म्हणजे नुसते ग्रंथ नव्हेत, हे त्यांना कळत होते.) सभेचे कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये, म्हणजे गिरणगावात. पाळी संपवून आलेला माणूस जिथे चालत पोचेल अशा ठिकाणी.

वाचणे वेगळे आणि जमून वाचणे वेगळे, हा फरक आपल्या विरोधकांना आपल्यापेक्षा आधी कळला. १९३६ चे लाहोर घ्या. जात-पात-तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले, भाषण आधी वाचले आणि परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी स्वखर्चाने दीड हजार प्रती छापल्या, त्या दोन महिन्यांत संपल्या. छापील ‘अनायहिलेशन ऑफ कास्ट’ लाहोरच्या मंडळाने अडवले नाही, अडवूही शकत नव्हते. अडवली ती सभा. एकाच वेळी शेकडो माणसांनी ते ऐकणे त्यांना नको होते.

आणि २०१५ चे मद्रास आयआयटी. ‘आंबेडकर पेरियार स्टडी सर्कल’ हे तिथल्या विद्यार्थ्यांचे मंडळ. निनावी तक्रार झाली, दिल्लीच्या मंत्रालयातून पत्र गेले आणि मे महिन्यात मंडळाची मान्यता काढून घेतली. देशभर निदर्शने झाली, जूनमध्ये ती परत द्यावी लागली. नावात १९२४ चाच शब्द आहे, स्टडी सर्कल. तक्रार पुस्तकांची नव्हती. मुले ती पुस्तके घेऊन एकत्र बसत होती, पत्रके काढत होती, याची होती.

महाराष्ट्राने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. मद्रास प्रांताने १९४८ मध्येच कायदा करून ग्रंथालयासाठी उपकर बसवला होता. महाराष्ट्राने उपकर टाळला आणि गावोगाव स्वतःची ग्रंथालये काढण्याऐवजी संस्थांच्या ग्रंथालयांना अनुदान देण्याचा मार्ग धरला. आज अशी अनुदानित ग्रंथालये अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत, अ, ब, क, ड अशा दर्जाची. आकडा दिसायला मोठा आहे. पण अनुदान संस्थेला, म्हणजे ग्रंथालय कार्यकारी मंडळाच्या हातात. आणि गावातले मंडळ कोणाचे असते, हे गावातल्या माणसाला सांगायची गरज नाही. सोसायटी ज्यांची, दूध डेअरी ज्यांची, बहुधा ग्रंथालयही त्यांचेच. दर्जा ठरवताना पुस्तके मोजतात, सभासद मोजतात, नियतकालिके मोजतात. व्याख्यान, प्रदर्शन यांची नोंद होते. एखाद्या गटाने वर्षभर बसून एक ग्रंथ संपवला का, हे विचारणारा रकाना माझ्या पाहण्यात नाही. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येतो, पुस्तक हातात धरून फोटो निघतात, संपले. बाकी वर्षभर त्या खोलीत स्पर्धा परीक्षेची पोरे मान खाली घालून बसलेली असतात. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांना तेवढी तरी जागा मिळते. पण अभ्यासिका म्हणजे वाचनमंडळ नव्हे. तिथे शेजारी बसलेला प्रतिस्पर्धी असतो.

योगायोग असा की १९६७-६८ याच सुमारास औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मिता’, पुढचे ‘अस्मितादर्श’, सुरू झाले. मिलिंद महाविद्यालयाच्या वातावरणातून ते निघाले. एकीकडे कायदा ग्रंथालयांना अनुदानाच्या रकान्यांत बसवत होता, दुसरीकडे बाबासाहेबांनी काढलेल्या महाविद्यालयातली पोरे एकमेकांचे लिखाण वाचून साहित्य घडवत होती. दलित साहित्य कुठून आले हे विचारणाऱ्यांनी कायद्याचे राजपत्र चाळू नये, मिलिंदचा परिसर पाहावा.

पुस्तकांचेही सरकारने काय केले? बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखनाचे खंड १९७९ पासून निघू लागले, ही चांगली गोष्ट. १९८७ च्या चौथ्या खंडातल्या ‘रिडल्स’वरून काहूर उठले तेव्हा राम-कृष्णाच्या परिशिष्टाशी सरकार सहमत असेलच असे नाही, अशी टीप टाकून वाट काढली गेली. पुढे छपाईच इतकी रखडली की २०२१ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाला वर्तमानपत्रातली बातमी वाचून स्वतःहून दखल घ्यावी लागली. खंड मिळत नाहीत म्हणून लोक ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि विजयादशमीला दीक्षाभूमीवर स्टॉलसमोर रांगा लावतात. तिथले स्टॉलवाले दादा, ‘हे आधी घ्या, ते पुढच्या वर्षी,’ असे सांगतात ते ऐकावे. केळुसकरांचे काम आज हीच माणसे करतात. त्यांना कोणत्याही दर्जाचे अनुदान नाही.

आता आपल्याबद्दल. सरकारला बोलणे सोपे आहे.

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात महाराष्ट्रभर विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो. रोज संध्याकाळी, तीन महिने, वस्तीवस्तीत. बायका मोठ्या संख्येने येतात. एका ग्रंथाचे एवढे व्यापक सामूहिक वाचन महाराष्ट्रात दुसरे कोण करते? वारकरी पारायण करतात, ते मान्य. आणि माझी तक्रार नेमकी तिथेच आहे. आपल्याही वाचनाचे हळूहळू पारायण होत चालले आहे. एकाने वाचायचे, बाकीच्यांनी हात जोडून ऐकायचे, समाप्तीला खीर. मध्येच कोणी तरुण उठून विचारतो की सिद्धार्थाने घर सोडले त्याचे कारण रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा, असे बाबासाहेब सांगतात. मग आम्ही लहानपणी ऐकलेल्या म्हाताऱ्या, आजारी आणि मेलेल्या माणसाच्या कथेचे काय? ती बाबासाहेबांनी का नाकारली? अशा वेळी त्याला, ‘वाचन होऊ दे, मग बघू,’ असे सांगून खाली बसवले जाते. खरे तर तो प्रश्न बाबासाहेबांनीच त्या ग्रंथाच्या सुरुवातीला उभा केला आहे. त्यांनी स्वतः असे चार प्रश्न मांडून ठेवले, वाचकांनी चर्चा करावी म्हणून. आणि त्याच ग्रंथासमोर प्रश्न विचारणारा पोरगा आपल्याला आगाऊ वाटतो. रामजींच्या घरातली कथा आपण पुन्हा सुरू केली आहे, ग्रंथ तेवढा बदलला.

काही विहारांत बदल झाला आहे, हेही सांगितले पाहिजे. रोज एकच प्रकरण, त्यातला अर्धा वेळ चर्चेला, आणि वाचणारा रोज वेगळा. वाचता न येणाऱ्या आजीला आधी बोलू द्यायचे, कारण शिकलेला एकदा बोलू लागला की इतर गप्प होतात. एवढ्यानेच फरक पडतो.

नव्याने सुरू करणाऱ्यांना माझी शिफारस ‘अनायहिलेशन ऑफ कास्ट’ची नाही. ते पुढे घ्या. आधी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ घ्या. लहान आहे, सहा भाग आहेत, मराठी अनुवाद मिळतात. गोरेगावचा प्रवास, बडोदा, चाळीसगावचा टांगा, दौलताबादच्या किल्ल्यावरचे पाणी, काठेवाडातला डॉक्टर, आणि तलाठी होऊनही कचेरीत जीव धोक्यात आलेला गुजरातचा तरुण. एका बैठकीला एक भाग, मोठ्याने वाचायला वीस-पंचवीस मिनिटांच्या आतच होतो. मग विचारायचे, आपल्यापैकी कोणाला खोली नाकारली गेली, कुठे, कोणत्या शब्दांत. हा प्रश्न विचारल्यावर बैठक लवकर संपत नाही, म्हणून चहाची सोय आधी करा.

आणि हे फक्त विहारात करू नका. गावात अनुदानित ग्रंथालय असेल तर ते तुमच्याही करातून चालते. सभासद व्हा, पावती घ्या. रविवारी एक तास वाचनगटासाठी जागा मागणारा अर्ज ग्रंथपालांना द्या आणि त्याची पोच घ्या. बाबासाहेबांचे खंड कपाटात आहेत का, किती जणांनी नेले, हे देवघेव वहीत पाहू द्या म्हणून सांगा. जागा मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर नकार लेखी मागा. पहिल्या बैठकीत वाचायला तोही चालेल.